फ्लेक्सवरचा फोटो आणि अर्जावरची सही

आदरणीय ताई,

मी चौतीस वर्षांची, बीए झालेली. सासर साताऱ्याकडचं. गाव लहान, नऊ सदस्यांची ग्रामपंचायत. मिस्टर चाकणला कंपनीत असतात, पंधरा दिवसांनी घरी येतात. इथे मी, दोन मुलं, सासू-सासरे आणि धाकटे दीर-जाऊबाई एकत्र राहतो. सहा वर्षं गावच्या बचत गटाचा हिशेब मीच लिहिते.

या वेळी सरपंचपद सर्वसाधारण महिलेसाठी सुटलं. पॅनेलप्रमुख घरी आले, सोप्यात सासऱ्यांशी आणि भाऊजींशी बोलले. मी चहा घेऊन गेले तेव्हा बोलणं संपत आलं होतं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमचं नाव फायनल." दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदपत्रं मागितली. माघारीच्या अर्जावर आणि एका कोऱ्या कागदावरही सही करून ठेवा म्हणाले, ऐन वेळी पळापळ नको. फ्लेक्ससुद्धा तयार आहे. त्यावर माझा लग्नातला फोटो आहे. मुंडावळ्या कापल्यात, पण एक मोती कपाळावर राहिलाय. भाऊजींचा फोटो माझ्यापेक्षा मोठा आहे.

देवळाच्या सभामंडपाला मोठी रक्कम दिली तर बिनविरोध करू, असंही बोलणं चालू आहे. मिस्टर म्हणतात, तू फक्त सही कर, बाकी भाऊ बघेल. सासूबाई म्हणतात, घरात पद येतंय, नाही म्हणू नये. विरोधक आमच्या गोठ्यावरूनही बोलायला लागलेत. भाऊजींनी दोन वर्षांपूर्वी तो मागे गायरानात वाढवला होता. पण निवडणुकीत असं बोलणं नेहमीचंच.

खरं सांगू का ताई, मला लढावंसं वाटतंय. पण मी उमेदवार आहे की नुसतं नाव? आणि उमेदवार म्हणजे नेमकं काय असतं?

— बचत गटातली एक

*

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही "नेहमीचंच" म्हणून एका ओळीत उरकलीत. ती म्हणजे तो गोठा. फोटोचं, कोऱ्या कागदाचं आपण बोलूच, पण आधी गोठ्याकडे जाऊ.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ सालचा. त्याच्या कलम १४ मध्ये सदस्य कोणाला होता येत नाही याची यादी आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनापेक्षा जास्त मुलं झालेली नसावीत, घरी शौचालय असावं आणि ते वापरात असावं, पंचायतीची बिलं थकलेली नसावीत, वगैरे. तुमची दोनच मुलं आहेत. घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या शोधून ठेवल्यात की तेही मिटलं. पण याच यादीत सरकारी किंवा सार्वजनिक जमिनीवरचं अतिक्रमण आहे, आणि गायरान म्हणजे सरकारी जमीन.

तुम्ही म्हणाल, गोठा भाऊजींनी वाढवला, माझा काय संबंध? याच प्रश्नावर २०१८ साली आपल्याच राज्यातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अतिक्रमण कुटुंबातल्या दुसऱ्याने केलं होतं, पण निवडून आलेली बाई त्याच जागेत राहत होती. "मूळ अतिक्रमण मी केलेलं नाही" एवढं म्हणून सुटका होत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. तिचं पद गेलं. पुढे २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंचबाईंचा निकाल लागला. त्या सासूबाईंच्या सरकारी जागेवरच्या घरात राहतात, असा गावातल्या काही जणांचा आक्षेप. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी ते कायम केलं, उच्च न्यायालयातही काही हाती लागलं नाही. बाईंचं म्हणणं होतं की आपण नवरा-मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिलं, आणि गावकऱ्यांना बाई सरपंच झालेली पचली नाही हेही निकालात लिहून ठेवलं. म्हणजे न्याय मिळाला. पण ताई, त्यासाठी एका खेड्यातल्या बाईला दिल्ली गाठावी लागली, हे विसरू नका.

तुमच्या बाबतीत वेगळं राहण्याचा मुद्दाच नाही. त्याच घरात राहता, त्याच गोठ्यातलं दूध चुलीवर तापतं. तुमचं प्रकरण कुठल्या बाजूला जाईल हे मी इथे बसून सांगू शकत नाही. त्यासाठी तालुक्याचा वकील गाठा, जाताना सातबारा आणि असेल तर मोजणीचा नकाशा बरोबर न्या. मात्र विरोधकांच्या पिशवीत तुमच्या गोठ्याचा फोटो आधीच आहे, हे मी पैजेवर सांगते. छाननीत हरकत घेतील, नाहीतर निवडून आल्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करतील. म्हणून अर्ज भरायच्या आधी गायरानातला भाग उतरवून हद्द मोकळी करायला लावा आणि तारखेसह फोटो काढून ठेवा. "बाकी भाऊ बघेल" असं मिस्टर म्हणतात ना? मग भावाने आधी हे बघावं. आणि भाऊजी गोठा हलवायला तयार नसतील तर या खेपेला उभ्या राहू नका. बाकी कुठल्याही अडचणीला मी "राहू नका" म्हणणार नाही, याला म्हणते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

मी पंचायत समितीत नोकरी केली. निवडणुकीच्या ड्यूटीवर कितीदा तरी अर्जांच्या टेबलाशी बसले, आणि निवडून आलेल्यांच्या चौकशांनाही बसले. एक चौकशी अजून डोळ्यांपुढून जात नाही. गटाराचं काम झालं, बिल निघालं, मोजमाप पुस्तिकेत आकडे चढले, पण जागेवर गटारच नव्हतं. सरपंचबाई डबा घेऊन आल्या होत्या, दिवसभर लागेल असं कोणीतरी सांगितलं होतं म्हणून. सगळ्या कागदांवर त्यांच्या वळणदार सह्या. मी एकेक कागद पुढे सरकवत होते आणि त्या मान हलवत होत्या, होय, माझीच. शेवटी म्हणाल्या, "मॅडम, हे गटार कुठंय ते मला एकदा दाखवा तरी." कारभार नवरा बघायचा. पण त्याचं नाव एकाही कागदावर नव्हतं. निम्मी वसुली बाईंच्या नावावर निघाली, निम्मी ग्रामसेवकाच्या. नवरा बाहेर मोटारसायकलवर बसून वाट बघत होता.

उमेदवार म्हणजे काय याचं माझ्यापुरतं उत्तर त्या टेबलावर मिळालं. कायद्याला पॅनेल दिसत नाही, घराणं दिसत नाही, भाऊजी तर मुळीच दिसत नाहीत. त्याला फक्त अर्जावरचं नाव दिसतं आणि त्याखालची सही. शपथेवर जी माहिती लिहिलेली असते, मालमत्तेची, गुन्ह्यांची, मुलांची, ती तुम्ही सांगितलेली असते. खोटी निघाली तर खोटं तुम्ही बोललेल्या असता, मग ती सायबर कॅफेतल्या पोराने टाइप केलेली का असेना. म्हणून अर्ज भरताना तिथे स्वतः बसा, आणि प्रिंट हातात आल्यावर ओळ न् ओळ वाचा. बचत गटाच्या बायकांचे दहा-दहा रुपये जुळवणाऱ्या बाईला हे मी शिकवायला नको.

पैशांचंही तेच. थेट सरपंचपदाच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ठरवून दिलेली असते. त्यासाठी बँकेत वेगळं खातं काढावं लागतं, आणि निकालानंतर तीस दिवसांच्या आत हिशेब द्यावा लागतो. दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं, आणि हे हरलेल्यांनाही लागू आहे. पडलेल्या उमेदवारांच्या घरी ती नोटीस आली की सगळे चक्रावतात, "आता कसला हिशेब?" म्हणून. भाऊजी ढाब्यावर पोरांना जेवायला नेतील, गाडीत डिझेल घालतील, फ्लेक्स छापतील. ते तुमच्या नावावर जाणार असेल तर पावती तुमच्या हातात आली पाहिजे. वही तुमच्याकडेच ठेवा.

माघारीच्या अर्जावर आणि कोऱ्या कागदावर सही करायची नाही. इथे मी सल्ला देत नाही, हात धरून अडवते आहे. माघारीच्या शेवटच्या दिवशी दुपारी तहसीलच्या आवारात काय काय ठरतं ते मी पाहिलंय. एका पॅनेलच्या दोन जागांसाठी दुसऱ्याचा सरपंच सोडून दिला जातो, आणि जिचा अर्ज मागे गेला ती बाई घरी भाकऱ्या थापत असते. कोरा कागद त्याहून वाईट. तो पुढे राजीनामा होतो. "सव्वा वर्ष तुमचं, मग दुसऱ्यांचं" असं सोप्यातल्या त्या बैठकीत ठरलेलं असू शकतं, आणि चहा येईपर्यंत तुम्हाला ते कळलेलं नसतं. लोक पाच वर्षांसाठी निवडून देतात. तारीख न घातलेला राजीनामा कोणाच्या तरी खिशात असताना ती पाच वर्षं कशी जातात, हे त्या बायकांना विचारा.

बिनविरोधचं. गावाने एकदिलाने एकाला निवडलं तर त्यात वावगं काही नाही. पण सभामंडपाला रक्कम देऊन पद घ्यायचं, याला साध्या मराठीत लिलाव म्हणतात. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या दोन गावांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने याच कारणावरून रद्द केल्या. देवासाठी दिले होते, असं तिथेही म्हटलं गेलं. त्याच महिन्यात हिवरे बाजारला कितीतरी वर्षांनी मतदान झालं. पोपटराव पवारांच्या गावात निवडणूक, म्हणून पेपरांत केवढा गवगवा! पण निवडणूक झाली, त्यांचं पॅनेल निवडून आलं, गाव जिथल्या तिथे राहिलं. तेव्हा निवडणूक झाली म्हणून गाव फुटतं, हे सांगणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका. मला तर वाटतं, पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या बाईने मतदान होऊ द्यावंच. मतं मोजून आलेल्या सरपंचाला "आम्ही बसवलं" असं तोंडावर म्हणता येत नाही.

आता थोडं शब्दाबद्दल, कारण तुम्ही अर्थ विचारलाय. उमेदवार हा शब्द फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा, ती धरून बसलेला तो उमेदवार. पण मराठीत त्याला आणखी एक अर्थ चिकटला, आणि मला तो जास्त आवडतो. पूर्वी पोरगं कचेरीत किंवा वकिलाकडे बिनपगारी राबायचं, नकला उतरवायचं, दप्तर लावायचं, काम अंगवळणी पाडायचं. त्याला म्हणायचे "उमेदवारी करतोय". जागा रिकामी झाली की त्याचा नंबर लागायचा, कधी लागायचाही नाही. म्हणजे आधी काम, मग पद. आता अर्ज भरला की उमेदवार, आणि काम निवडून आल्यावर, तेही दुसऱ्याने करायचं.

जुन्या अर्थाने बघितलं तर तुमच्या घरात उमेदवारी केलेली व्यक्ती एकच आहे. सहा वर्षं गटाचा हिशेब, बँकेच्या खेपा, हप्ता थकवणाऱ्या बाईच्या दारात जाऊन भांडण न करता पैसे आणणं. ग्रामपंचायतीचं काम याहून फार निराळं नसतं, आकडे मोठे असतात इतकंच. पॅनेलप्रमुखांनी तुमचं नाव का घेतलं असेल याचाही विचार करा. गटातल्या बायकांची घरं त्यांनी मोजली नसतील असं वाटतं का तुम्हाला? ते तुमची मतं मागायला आले होते. बोलले मात्र तुमच्या सासऱ्यांशी.

आणि "आरक्षण आहे म्हणून बाई" हे ऐकून कमीपणा वाटून घेऊ नका. १९९३ मध्ये एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांना मिळाल्या. पण त्याच्या आधी, १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर, शेतकरी संघटनेने पंचायतींसाठी बायकांची अख्खी पॅनेलं उभी केली होती. तेव्हा निम्म्या सोडाच, एक तृतीयांश जागाही राखीव नव्हत्या.

मग करायचं काय? पहिलं बोलणं मिस्टरांशी, आणि फोनवर नको. या शनिवारी येत असतील तर मुलं झोपल्यावर बोला. त्यांना विचारा, "वसुली निघाली तर कोणाच्या नावावर निघेल?" त्यांना माहीत नसेल. सांगा. ते तुमच्या विरोधात आहेत असं पत्रावरून वाटत नाही. त्यांनी विचार केलेला नाही, एवढंच. मग दोघांनी मिळून सासऱ्यांसमोर आणि भाऊजींसमोर बसा. चहा जाऊबाईंनाही करायला लावू नका, त्यांनाही बसवा. त्या घरात पुढची पाच वर्षं तुम्ही दिवसा पंचायतीत असाल तेव्हा भाकरी कोण करणार हा प्रश्न त्यांचा आहे, आणि तो त्यांना न विचारता ठरवलात तर तुम्ही भाऊजींनी तुमच्याशी केलं तेच त्यांच्याशी कराल.

तिथे आवाज न चढवता सांगा की मी उभी राहते. अर्ज मी वाचून भरीन, खर्चाची वही माझ्याकडे राहील, कोऱ्या कागदावर सही नाही, गोठा आधी मागे घ्यायचा. निवडून आले तर ग्रामसभेत खुर्चीवर मी बसेन. आणि डोंगल माझ्याकडे राहील. हा शब्द आत्तापासून लक्षात ठेवा. वित्त आयोगाच्या निधीतली बिलं आता ऑनलाइन निघतात, आणि त्यासाठी सरपंचाची डिजिटल सही पेन ड्राइव्हसारख्या एका वस्तूत असते. पूर्वी चेकबुक नवऱ्याच्या खिशात असायचं, आता डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये पडून असतं. पूर्वी निदान सही करताना कागद डोळ्यांसमोरून जायचा.

भाऊजींना लागेल. लागू द्या, पण त्यांना तोडू नका. गावातली भांडणं कोणाची कोणाशी, कुठल्या वस्तीवर कधी जायचं, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं, आणि प्रचारात त्याचा उपयोग आहे. पॅनेलला दुसरी बाई सापडू शकते, हेही धरून चला. चुलत घरातली एखादी कोऱ्या कागदावर सही करायला तयार असेलच. तसं झालं तर या वेळी जाऊ द्या. एकटीने अपक्ष उभं राहता येतं, कायदा अडवत नाही, पण एकत्र घरात राहून घराच्याच पॅनेलविरुद्ध लढणं मी तुम्हाला सांगणार नाही. ज्यांना ते झेपलं त्यांच्यामागे माहेर तरी उभं होतं, नाहीतर वेगळी चूल होती.

उभ्या राहिलात तर प्रचाराच्या दिवसांत एक वही काखेत ठेवा. नुसते हात जोडून पुढच्या दारी जाऊ नका, प्रत्येक वस्तीत दोन मिनिटं टेका. पाणी किती दिवसांनी येतं, अंगणवाडी किती वाजता उघडते, दिव्याचा खांब कुठला बंद आहे, लिहून घ्या. जे तुम्हाला मत देणार नाहीत हे पक्कं माहीत आहे त्यांच्याकडे आधी जा, तक्रारी तेच खऱ्या सांगतात. पडलात तरी ती वही ग्रामसभेत घेऊन जाता येते. मत मांडायला गावाच्या मतदार यादीत नाव पुरतं.

आणि तो फ्लेक्स उतरवा. मुंडावळ्यांचा मोती कपाळावर ठेवून मतं मागायला तुम्ही काही पुन्हा बोहल्यावर चढत नाही आहात. वकिलाकडे जाल त्याच खेपेला तालुक्याला नवा फोटो काढून घ्या. चार प्रती जास्त घ्या, अर्जाला आणि बँकेत लागतीलच.